जामीन मिळाला, पण जामीनदार कुठून आणायचा?



वाडीवाडीच्या बैठकांत हल्ली एक प्रश्न सारखा येतो. "नवीन कायदे आले म्हणतात. आपल्या गरिबाला त्यात काय हाय?" पोलीस ठाण्याच्या भिंतीवर मोठा तक्ता लागलेला सगळ्यांनी पाहिलाय. १ जुलै २०२४ पासून जुनं आयपीसी गेलं आणि भारतीय न्याय संहिता आली. सीआरपीसी गेली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. चारशे वीसचं तीनशे अठरा झालं. त्यावर आपली जुनी माणसं म्हणतात, "नंबर बदलले रं, दांडका तोच."

दांडका तोच आहे, हे खरं. पण तेवढंच म्हणून गप्प बसणं आम्हाला पटत नाही. नव्या संहितेत पकडलेल्या माणसाच्या दिवसांचा हिशोब घातलेला आहे. अमुक दिवसांत हे झालं नाही तर त्याला सोडा, तमुक दिवस आत काढले तर सोडा, असं लिहिलंय. तो हिशोब आपल्या उपयोगाचा आहे. मात्र तो कोर्टही आपणहून मोजत नाही आणि जेलही मोजत नाही. कोणी मोजून अर्ज ठेवला तरच तो चालतो. आणि अर्ज मंजूर झाल्यावरही जेलच्या दरवाजाला शेवटचं कुलूप असतं. ते कुलूप जमिनीच्या कागदाने उघडतं.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. जामिनाचा प्रश्न हा जमिनीचाच प्रश्न आहे. दळीसाठी, वनपट्ट्यासाठी, गावठाणासाठी आपण जसे मोर्चे काढतो, दावे भरतो, तसंच आत अडकलेल्या आपल्या माणसाचं काम संघटनेने आपलं म्हणून हातात घेतलं पाहिजे. ते "त्याच्या घरच्यांचं बघतील" म्हणून सोडून देता कामा नये.

ऑर्डर झाली, माणूस आतच

आमच्या भागातल्या एका वाडीचा पोरगा, वय बावीस. बांधकामाच्या साइटवर बिगारी होता. तिथून तांब्याची वायर गेली आणि नाव ह्याच्यावर आलं. त्याने केलं की नाही, ते कोर्ट ठरवील. आम्ही त्यात पडत नाही. पण पुढचं ऐका. वीस दिवसांत कोर्टाने जामीन दिला. पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच ऐपतीचा एक जामीनदार. घरी सगळ्यांना वाटलं, पोरगा संध्याकाळी येतोय. आईने भात टाकला. पोरगा आला चार महिन्यांनी.

हे चार महिने कशात गेले? जामीनदार शोधण्यात. बाप गेला, तर त्याच्या नावावर काही नाही. चुलत्याकडे गेले, त्याच्याही नावावर काही नाही. मामाकडे वनहक्काचा पट्टा आहे. तो कागद घेऊन गेले, तर सांगितलं, "हा चालत नाही, सातबारा आणा." वाडीतल्या एकाही घराकडे सातबारा नव्हता. शेवटी बाप ज्या मालकाकडे राबतो त्याच्या पाया पडून त्याचा सातबारा मिळवला. त्या उपकारापोटी बापाने त्या वर्षी मालकाच्या शेतावर बिनमजुरीने किती दिवस काढले, ते आम्ही इथे लिहीत नाही. तुम्हाला समजतंय.

विचार करा. न्यायाधीशाने सोडा म्हटलं होतं, सरकारी वकिलाने अपील केलं नव्हतं. तरी माणूस आत होता, कारण त्याच्या सगळ्या नात्यागोत्यात कोणाच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती.

हा एकट्या पोराचा प्रश्न नाही. सरकारच्याच आकड्यांप्रमाणे २०२२ सालच्या अखेरीला देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटला संपलेला नाही, गुन्हा शाबीत झालेला नाही अशी माणसं. दर चार कैद्यांत तीन कच्चे. ही सगळी आपली नाहीत. पण ज्याच्याकडे पैसा, वकील आणि सातबारा आहे तो तिथे जास्त दिवस राहत नाही, हे समजायला बारावीसुद्धा शिकायला लागत नाही.

कागद कोणाचा, जमीन कोणाची

आपल्याकडे सातबारा का नाही? आपण आळशी म्हणून नाही.

रायगड-ठाण्यातल्या कातकरी वाड्या बघा. कित्येक वाड्या पिढ्यान्‌पिढ्या खाजगी मालकाच्या जमिनीवर बसलेल्या आहेत. घर आपलं, खालची जागा त्याची. गावठाणात नाव नाही, म्हणून घराचा उतारा नाही. उतारा नाही, म्हणून "कायमचा पत्ता" नाही. दिवाळी झाली की माणसं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. मधल्या काळात कोर्टाचं समन्स वाडीत येतं, घराला दार लावलेलं असतं. तारीख चुकते, वॉरंट निघतं. मग कागदावर आपला माणूस "फरारी" होतो. तो पळालेला नसतो, विटा थापत असतो.

ठाकर, महादेव कोळी, वारली बांधव पिढ्यान्‌पिढ्या डोंगरावर दळी कसतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो हक्क मान्य केला. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने मिळतो आणि वारसाहक्काने पोरांकडे जातो. पण तो विकता येत नाही आणि दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. ही अट चांगलीच आहे, तिच्यामुळेच ती जमीन आपल्या हातात राहते. पण जामिनाच्या वेळी तीच अट आडवी येते. "जे विकता येत नाही, ते ऐपत कसं?" असा प्रश्न टेबलावरून येतो. म्हणजे सावकारापासून वाचवणारा कागद जेलपासून वाचवत नाही.

आता नवी मुंबईकडे बघा. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घ्यायचं ठरलं. आगरी-कोळी शेतकरी लढले. जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघरला गोळीबार झाला, पाच माणसं हुतात्मा झाली. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. त्या लढ्याला आमचा सलाम आहे. पण साडेबारा टक्के कोणाला? ज्याची जमीन त्याच्या नावावर होती त्याला. जो त्याच जमिनीवर मजुरीने राबला, बांधावर झोपडी घालून राहिला, त्या कातकऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. त्याला साडेबारा सोडा, अर्धा टक्काही नाही. आज त्याचीच नातवंडं खारघर-पनवेलच्या नाक्यावर बिगारी म्हणून उभी असतात. साइटवर चोरी झाली की पहिला संशय त्यांच्यावरच येतो. आणि मग ह्याच शहरात, तळोजाच्या मध्यवर्ती कारागृहात, मुलाकातीच्या रांगेत आपल्या आया-बाया पिशवी घेऊन उभ्या राहतात. नाव जमिनीच्या कागदावर नव्हतं, म्हणून भरपाई मिळाली नाही. त्याच कारणाने आता जामीनही मिळत नाही.

तळोजाचं नाव निघालं की आणखी एक आठवण येते. झारखंडमध्ये आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी झटणारे फादर स्टॅन स्वामी ह्याच कारागृहात होते. ८ ऑक्टोबर २०२० ला त्यांना अटक झाली. जामिनाची वाट बघत ५ जुलै २०२१ ला मुंबईच्या रुग्णालयात ते गेले. वय चौऱ्याऐंशी. त्यांच्यावरचा कायदा वेगळा होता, कलमं वेगळी होती. पण खटला उभा राहण्याआधीच माणूस संपू शकतो, हे साऱ्या देशाने पाहिलं.

सर्वोच्च न्यायालय १९७८ पासून काय सांगतंय

कोणी म्हणेल, जामीनदार मागणं हा कायदाच आहे, तुम्ही कोर्टाला शिकवणार का? शिकवायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच हे सांगून ठेवलंय.

१९७८ साली मध्य प्रदेशातला मोतीराम नावाचा एक गवंडी होता. त्याला जामीन मंजूर झाला, पण खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला. त्याचा भाऊ तयार झाला. तर भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तोही नाकारला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गरिबाला न झेपणारी अट घालणं चूक ठरवलं, दुसऱ्या जिल्ह्याचा म्हणून जामीनदार नाकारणंही चूक ठरवलं. मोतीरामला एक हजाराच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. मोतीराम आपल्यासारखाच हातावर पोट असलेला होता. त्याच्या नावाचा निकाल आजही कायदा आहे.

२०२२ च्या संविधान दिनाला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसमोरच किरकोळ गुन्ह्यांत वर्षानुवर्षं आत असलेल्या गरिबांचा विषय काढला. त्या संताळ आदिवासी आहेत, हे दुःख त्यांनी जवळून पाहिलेलं आहे. त्यानंतर ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सूचना दिल्या. जामीन मंजूर झाल्यावर सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर जेल अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिनाभरात जामीनपत्र भरता आलं नाही, तर कोर्ट स्वतःहून अट सैल करायचा विचार करू शकतं. आणि स्थानिक जामीनदाराचा हट्ट हे सुटका लांबण्याचं एक कारण आहे, अशा वेळी ती अट घालू नये.

म्हणजे वर निकाल आहेत, सूचना आहेत. पण खाली, जिथे आपला बाप हातात पिशवी घेऊन उभा असतो, तिथे अजून "सातबारा आणा" हेच ऐकायला मिळतं. निकाल दिल्लीतून वाडीपर्यंत आपोआप चालत येत नाही, कोणीतरी तो आणावा लागतो.

नव्या संहितेतले दिवस

आता नव्या संहितेतला दिवसांचा हिशोब सांगतो. हा भाग बैठकीत मोठ्याने वाचा.

पहिले चोवीस तास. अटक झाल्यापासून चोवीस तासांत माणूस मॅजिस्ट्रेटसमोर उभा केला पाहिजे. प्रवासाचा वेळ सोडून. वनखात्याने पकडलं तरी संविधानाचा हाच नियम. अटक का केली ते सांगितलं पाहिजे आणि घरच्यांना कळवलं पाहिजे. प्रत्येक पोलीस ठाण्यात अटकेची माहिती ठेवणारा एक अधिकारी नेमलेला असतो, त्याला विचारायचा आपल्याला हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ ला महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं, की अटकेची कारणं लेखी द्यायची आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायची. लगेच जमलं नाही, तर मॅजिस्ट्रेटसमोर नेण्याच्या निदान दोन तास आधी तरी. कातोडी किंवा ठाकरी बोलणाऱ्या आपल्या आजोबाला "सबब आरोपीस" असलं मराठी वाचून अंगठा घेतला, तर ते समजावणं नव्हे.

अटकेच्याही आधी एक पायरी आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक हा नियम नाही. गरज नसेल तर पोलिसांनी नोटीस देऊन बोलवायचं. नोटीस आली तर जायचं, पळायचं नाही. पळालं की अटकेला कारण मिळतं. साठीच्या वरच्या किंवा अशक्त माणसाला तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात अटक करायची तर डीवायएसपीची परवानगी लागते.

सात दिवस. गुन्हा जामीनपात्र असेल आणि अटकेपासून आठवड्यात जामीनदार मिळाला नाही, तर तो माणूस गरीब आहे असं धरून त्याला स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडायचं. ही सोय जुन्या कायद्यातही होती, आताही कलम ४७८ मध्ये आहे.

साठ किंवा नव्वद दिवस. एवढ्या दिवसांत आरोपपत्र आलं नाही, तर जामीन हा हक्क होतो. दहा वर्षं किंवा त्याच्या वरच्या, जन्मठेपेच्या किंवा फाशीच्या गुन्ह्याला नव्वद दिवस, बाकीच्यांना साठ. पण अर्ज द्यावा लागतो. एकसष्टाव्या दिवशी अर्ज नाही दिला आणि बासष्टाव्या दिवशी आरोपपत्र आलं, तर हक्क गेला. म्हणून तारीख लिहून ठेवणं म्हणजे काय, ते ओळखा.

एक तृतीयांश. हे नवीन आहे, कलम ४७९. ज्याला आधी कधीच शिक्षा झालेली नाही, त्याने त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश एवढे दिवस आत काढले की त्याला जातमुचलक्यावर सोडायचं. बाकीच्यांना निम्मे दिवस. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं, म्हणजे पहिल्यांदाच अडकलेल्याला एक वर्ष. घरात शिरून केलेल्या चोरीला सात वर्षं, म्हणजे दोन वर्षं चार महिने. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्याला हे लागू नाही. दिवस भरले की कोर्टाला लेखी अर्ज करणं हे जेल अधीक्षकाचं कर्तव्य आहे. आणि २३ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की १ जुलै २०२४ च्या आधीच्या केसमधल्या कच्च्या कैद्यांनाही हा नियम लागू आहे.

कायद्यातल्या खाचा

आम्ही काही गोडगोड सांगायला बसलेलो नाही. ह्याच कायद्यात खाचा आहेत.

कलम ४७९ मध्येच लिहिलंय, की एकाहून जास्त गुन्हे किंवा जास्त केसेस चालू असतील तर ही सुटका मिळणार नाही. आपल्या माणसावर एका चोरीच्या जोडीला मागच्या दोन न उलगडलेल्या चोऱ्या लावणं किती सोपं असतं, ते वाडीतल्या पोरांना विचारा. जुन्या कायद्यात पोलीस कोठडी पहिल्या पंधरा दिवसांतच घेता यायची. आता ते पंधरा दिवस तुकड्या-तुकड्याने पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत घेता येतात. म्हणजे पोरगा न्यायालयीन कोठडीत गेला, आता मार संपला, असं आईने म्हणायची सोय राहिली नाही.

न्यायालयीन कोठडी वाढवताना कैद्याला पडद्यावर, व्हीसीवर, हजर केलं तरी चालतं. गाडी-पोलिसांचा खर्च वाचतो, हे खरं. पण ज्याला मराठीच धड येत नाही, ज्याने न्यायाधीशासमोर तोंड उघडलेलं नाही, तो पडद्यातून "साहेब, मला मारलं" हे कसं सांगेल? आणि घरच्यांना तारखेला कोर्टात पाच मिनिटं तोंड तरी दिसायचं, तेही गेलं.

तिकडे केंद्राची संहिता जामिनाचे दिवस कमी करते, आणि इकडे आपल्या राज्याच्या विधिमंडळाने जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. सरकारने एखादी संघटना बेकायदेशीर ठरवली, की नुसत्या सभासदाला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि तीन लाखांपर्यंत दंड. सगळे गुन्हे अजामीनपात्र. सरकार म्हणतं, हे माओवाद्यांसाठी आहे. आमचा प्रश्न एवढाच, की संघटनेची पावती फाडणाऱ्या, मोर्चाला येणाऱ्या आपल्या बाईमाणसाला उद्या कोणी ह्यात गुंतवलं, तर तिचा जामीनदार कोण? सातबारा कोणाचा? अजामीनपात्र हा शब्द सगळ्यांना सारखा लागत नाही. ज्याच्या नावावर काहीच नाही, त्याला तो जास्त लागतो.

"चोरांची बाजू घेता काय?"

हे आम्हाला आपल्याच माणसांनी विचारलंय. उत्तर देतो.

शाबीत झालं तर शिक्षा होऊ दे, आम्ही आड येणार नाही. शाबीत होण्याआधीच शिक्षा होते, त्याला आमचा विरोध आहे. बावीस वर्षांचा पोरगा आत गेला की इकडे त्याच्या नावाचा वनदावा अडतो, बायको माहेरी जाते, पोरांची शाळा सुटते, घरात मालकाची उचल चढते. उद्या तो निर्दोष सुटला तरी हे दिवस कोणी परत देत नाही.

बायांनी आणखी एक बरोबर प्रश्न विचारला. "आमच्यावर हात टाकणाराही ह्याच नियमाने लवकर सुटंल, मग?" जामीन म्हणजे निर्दोष सुटणं नव्हे, खटला चालूच राहतो. आणि अॅट्रॉसिटी कायद्यात कलम १५ अ आहे. त्याप्रमाणे आरोपीच्या जामिनाच्या वेळी फिर्यादी बाईचं म्हणणं ऐकणं बंधनकारक आहे. तिथे बाईच्या बाजूने उभं राहणं हेही ह्याच कामाचा भाग आहे. आमची मागणी एवढीच, की जामीन मिळावा की नाही हे गुन्हा बघून ठरवा, सातबारा बघून नको.

मग करायचं काय?

एक. प्रत्येक वाडीत एक जामीन वही ठेवायची. वही ग्रामसभेची, लिहिणार वाडीतला शिकलेला पोरगा किंवा पोरगी. कोणाला, कोणत्या तारखेला, कोणी नेलं, कुठलं ठाणं, गुन्हा नंबर, कलम, पुढची तारीख, वकील कोण. त्या पानावरच सातवा, साठावा, नव्वदावा दिवस कोणत्या तारखेला येतो ते आधीच लिहून ठेवायचं. एक तृतीयांश कधी भरतं तेही. तारीख जवळ आली की गप्प बसायचं नाही.

दोन. वकिलासाठी दागिना मोडू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुक्याला विधी सेवा समिती आहे, जिल्ह्याला प्राधिकरण आहे. फोन नंबर १५१००. वकील मिळाला म्हणून काम संपलं असं नाही. वहीतल्या तारखा त्याला आपणच सांगायच्या.

तीन. जामीन मंजूर झाला आणि सात दिवसांत माणूस बाहेर आला नाही, तर विधी सेवा प्राधिकरणाला लेखी कळवायचं, पोच घ्यायची. महिना झाला तर अट सैल करण्याचा अर्ज द्यायला लावायचा. त्यात ३१ जानेवारी २०२३ च्या सूचना आणि मोतीरामच्या निकालाचं नाव घालायला सांगायचं. गरीब कैद्याच्या जामिनासाठी मदतीची केंद्र सरकारची २०२३ ची योजना आहे, ती जिल्ह्याच्या समितीमार्फत चालते. तिचीही मागणी करायची.

चार. भाड्याचा जामीनदार घेऊ नका. कोर्टाच्या आवारात दोन-तीन हजारांत सातबारा घेऊन उभी राहणारी माणसं असतात. कागद खोटा निघाला तर जामीन रद्द होतो आणि दुसरी केस अंगावर येते.

पाच. भट्टीवर जाताना ज्याची केस चालू आहे त्याने वकिलाला सांगून जायचं. तारखेला येणं जमत नसेल तर हजेरी माफीचा अर्ज आधीच द्यायला लावायचा. मुकादमाचा फोन नंबर वहीत लिहायचा. "फरारी" हा शिक्का एकदा बसला की पुढचा जामीन अवघड होतो.

आणि सहावं, जे वहीने होणार नाही, रस्त्यावरच होईल. आपण तहसील आणि कलेक्टर कचेरीवर जाऊ तेव्हा मागण्यांच्या कागदावर ह्या मागण्याही असल्या पाहिजेत. कातकरी वाड्यांखालच्या जमिनी गावठाण म्हणून जाहीर करा. १९६६ च्या जमीन महसूल कायद्याच्या कलम १२२ ने तो अधिकार कलेक्टरला आहे. अडलेले वनदावे निकाली काढा. आदिवासीच्या जामिनासाठी वनहक्काचा पट्टा आणि ग्रामसभेचा रहिवासाचा दाखला पुरावा म्हणून धरा. जिथे तेही नाही तिथे स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडा. आणि कोर्टात, ठाण्यात आमच्या बोलीत समजावणारा माणूस द्या.

मोतीरामचा निकाल १९७८ साली झाला. आम्ही तेव्हा जन्मलोही नव्हतो. आणखी तेवढीच वर्षं हाच निकाल दुसऱ्याला वाचून दाखवत बसायची आमची तयारी नाही. पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येक वाडीने आपली वही घेऊन यावं. ज्या वाडीचं पान कोरं असेल त्या वाडीचा आम्हाला आनंद होईल. जिथे नाव लिहिलेलं असेल, त्या नावासाठी कोणत्या कचेरीत कधी जायचं, ते तिथेच बसून ठरवू.

जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची! आत अडकलेला माणूसही आमच्या हक्काचा!